दहा मिनिटांचा पाठ

(लघु माहितीपटाचं निवेदन)

[दृश्य : कॉलेजची कॉम्प्युटर लॅब. कानांवर हेडफोन लावलेली मुलं. कॅमेरा एका स्क्रीनजवळ जातो.]

या स्क्रीनचे दोन भाग नीट बघा. डावीकडे व्हिडिओ चालू आहे. उजवीकडे ज्याच्याबद्दल व्हिडिओ आहे तेच सॉफ्टवेअर उघडलेलं आहे, लिबरऑफिस कॅल्क, म्हणजे रकान्यांत आकडे मांडून हिशेब करायचं सॉफ्टवेअर. व्हिडिओतला आवाज मराठीत सांगतो, या सेलमध्ये बेरजेचं सूत्र टाइप करा. मुलगी व्हिडिओ थांबवते आणि उजवीकडे येऊन टाइप करते. सूत्राआधी 'बरोबर'चं (=) चिन्ह द्यायचं राहून गेलंय, त्यामुळे बेरजेऐवजी सेलमध्ये नुसती अक्षरं उमटतात. ती व्हिडिओ जरासा मागे घेते, ते वाक्य पुन्हा ऐकते, चिन्ह टाकते. आली बेरीज.

शेजारचा मुलगा अजून आधीच्या पायरीवर आहे. मागच्या रांगेत एकीने पुढचा पाठ लावलासुद्धा. फळ्यापाशी कोणी शिकवत नाहीये. दाराजवळ उभे आहेत ते सर संयोजक आहेत. मशीन चालू आहेत ना, प्रत्येकाला आवाज येतोय ना, एवढं ते बघतात. त्यांना स्वतःला कॅल्क यायलाच हवं अशी अट नाही.

[दृश्य : पवई. आयआयटीचं प्रवेशद्वार, झाडांतून जाणारा रस्ता.]

ही पद्धत घडली ती इथे, आयआयटी मुंबईत. प्रकल्पाचं नाव स्पोकन ट्युटोरियल. केमिकल इंजिनिअरिंगचे प्राध्यापक कन्नन मौद्गल्य यांनी तो उभा केला. माहिती आणि संचार तंत्रज्ञानातून शिक्षण पोहोचवण्यासाठी केंद्र सरकारने 2009 मध्ये राष्ट्रीय अभियान सुरू केलं, त्यातून प्रकल्पाला पैसा मिळाला. लिनक्स, पायथन, सायलॅब, लाटेक, गिम्प अशी सॉफ्टवेअर शिकवायला तालुक्याच्या कॉलेजात माणूस मिळणं कठीण. मग शिकणाऱ्याला ते आपलं आपण शिकता आलं पाहिजे, इथून सुरुवात झाली. सॉफ्टवेअर निवडली ती मुक्त स्रोताची, म्हणजे कोणालाही मोफत वापरता येतील अशी. लॅबमध्ये शिकलेलं घरच्या जुन्या कॉम्प्युटरवर टाकायचं तर परवान्यासाठी कोणापुढे हात पसरावा लागत नाही. पाठही क्रिएटिव्ह कॉमन्स परवान्याखाली खुले आहेत. पेन ड्राइव्हवर घ्या, मित्राला द्या.

[दृश्य : टेबलावर पाठाच्या संहितेचा कागद. दोन रकाने. पेन्सिलीच्या खुणा.]

आता या कागदाकडे या. सगळी मेहनत इथे आहे.

दोन रकाने. डावीकडे पडद्यावर काय दिसेल, उजवीकडे कानावर काय पडेल. एका ओळीत एकच कृती. 'फाइल मेनू उघडून सेव्ह निवडा आणि नाव द्या' असं वाक्य आलं तर ते तोडायचं. आधी फाइल मेनूवर क्लिक करा. मग सेव्ह निवडा. मग नाव टाइप करा. प्रत्येक पायरीला पडद्यावर काय बदललं तेही सांगायचं, म्हणजे शिकणाऱ्याला आपलं बरोबर चाललंय का हे पुढे जाण्याआधीच कळतं. सुरुवातीला सांगायचं, या पाठात काय शिकणार, आधी काय यायला हवं, आणि आम्ही कोणती आवृत्ती वापरतोय. ही शेवटची ओळ क्षुल्लक वाटते. पण पडद्यावरचं बटण आणि आपल्यापुढचं बटण वेगवेगळ्या जागी दिसलं की नवशिका तिथेच अडतो, आणि त्याला वाटतं चूक आपलीच.

शेवटी असाइनमेंट. 'इथे व्हिडिओ थांबवा आणि हे करून पाहा.' आणि हे सगळं साधारण दहा मिनिटांत. विषय मोठा असेल तर दुसरा पाठ करायचा, हा लांबवायचा नाही.

[दृश्य : संहिता हातात धरून कॉम्प्युटरपुढे बसलेला तरुण. तो थांबतो, पुन्हा वाचतो, मान हलवतो.]

याला हे सॉफ्टवेअर येत नाही. म्हणूनच त्याला बोलावलंय. रेकॉर्डिंगच्या आधी संहिता अशा नवख्या माणसाकडे जाते. कागदावर लिहिलंय तेवढंच त्याने करायचं, कोणाला विचारायचं नाही. तो जिथे थांबेल तिथे खूण होते, आणि दुरुस्ती संहितेत होते. विषयाचे जाणकारही संहिता तपासतात. पण जाणकाराचा हात सवयीने पुढची पायरी करून मोकळा होतो. मधली गाळलेली पायरी सापडते ती या तरुणालाच.

ऑनलाइन प्रशिक्षण तयार करणाऱ्या प्रत्येकाने हे दृश्य परत परत पाहावं, असं आम्हाला मनापासून वाटतं. कॅमेरा, लाइट, प्लॅटफॉर्म यांवर खर्च होतो. नवख्याला शेजारी बसवून गप्प राहायला मात्र कोणाकडे वेळ नसतो.

[दृश्य : छोटी खोली, बंद खिडकी. पंखा बंद होतो. मायक्रोफोनसमोर एक तरुणी. पडद्यावर ऑडॅसिटी या रेकॉर्डिंगच्या सॉफ्टवेअरची आवाजाची पट्टी.]

हे मराठी डबिंग. मूळ पाठातल्या प्रत्येक वाक्यापुढे मिनिट आणि सेकंद लिहिलेला आहे. चित्र तेच राहणार आहे, माउसचा बाण ठरलेल्या क्षणी ठरलेल्या बटणावर जाणार आहे. मराठी वाक्य तेवढ्यात संपलं पाहिजे. लांबलं तर बाण पुढे निघून जातो आणि आवाज मागे राहतो. म्हणून ती वाक्य वाचते, घड्याळ बघते, एक शब्द काढते, पुन्हा वाचते.

(थोडा वेळ तिचा आवाज तसाच ऐकू द्यावा.)

मेनूची नावं ती बदलत नाही. फाइल, एडिट, इन्सर्ट, जशी पडद्यावर दिसतात तशीच. समजावणं मात्र सगळं मराठीत. इंग्रजी येत नाही म्हणून ज्या मुलांनी कॉम्प्युटरला हात लावायचं टाळलं, त्यांच्यापर्यंत पोहोचायचा हाच रस्ता आहे. आधी इंग्रजी शिका, मग कॉम्प्युटरकडे या, असं सांगण्यात आपण किती मुलं गमावली!

[दृश्य : पुन्हा लॅब. हार्ड डिस्कवरून फायली कॉपी होताना. हेडफोनची खोकी.]

पाठ तयार झाला म्हणजे काम संपलं असं नाही. इंटरनेट रडतखडत चालत असेल तर पाठ आधीच मशीनवर उतरवून ठेवतात. सोबत सूचनापत्र असतं, कोणता पाठ आधी, कोणता नंतर. एका मशीनवर एकच विद्यार्थी. आणि हेडफोन. हेडफोन नसतील तर कोणीतरी प्रोजेक्टरवर व्हिडिओ लावतं, सगळे मिळून बघतात, छान वाटतं, आणि हात कोणाचाच चालत नाही. तशी शिबिरं आम्हीही पाहिली आहेत. त्यापेक्षा तारीख पुढे ढकललेली बरी.

कुठे अडलं तर प्रश्न विचारायची सोयही तितक्याच विचाराने केलेली आहे. प्रश्न लिहिताना कोणता पाठ, कितवं मिनिट, कितवा सेकंद ते निवडायचं. 'मला समजलं नाही' या तक्रारीला तिथे नेमकी जागा मिळते. आणि एकाच सेकंदाला चार जण अडले तर संहितेत काय राहून गेलंय हे लिहिणाऱ्यालाही दिसतं.

[दृश्य : अंगणवाडी. भिंतीला टेकून बसलेली आई, मांडीवर तान्हं बाळ. आशाताईंच्या हातात मोबाइल.]

हाच साचा पुढे कॉम्प्युटरच्या बाहेरही गेला. बालरोगतज्ज्ञ डॉ. रूपल दलाल यांच्या मार्गदर्शनाखाली स्तनपान आणि पोषणाचे पाठ तयार झाले. तिथेही तेच, एक वाक्य, एक कृती. बाळाला पाजताना आईची बोटं कशी हवीत हे सांगायला पाठात वडापाव येतो. मोठा घास घ्यायचा तर आपण वडापाव आडवा धरतो, बोटं ओठांना समांतर. आईची बोटंही बाळाच्या ओठांना तशीच समांतर हवीत. आता पडद्यावर आईचा हात बघा. आशाताई मोबाइल थांबवतात, आई बोटं फिरवते.

(इथे निवेदन नको.)

[दृश्य : 2020. रिकामा वर्ग. घरात मोबाइलपुढे बसलेलं मूल.]

टाळेबंदीत शाळा-कॉलेजं मोबाइलवर आली तेव्हा बहुतेक ठिकाणी वर्गातलं व्याख्यान जसंच्या तसं कॅमेऱ्यासमोर गेलं. शिक्षकांचा त्यात दोष नव्हता, तयारीला वेळच मिळाला नाही. आज वेळ आहे. कविता किंवा इतिहास असा दहा-दहा मिनिटांत कापून शिकवता येणार नाही, तसा आग्रहही कोणी धरू नये. जिथे हाताने करून शिकायचं आहे, तिथे मात्र ही पद्धत चालते.

[दृश्य : ऑनलाइन चाचणी. प्रमाणपत्र हातात घेतलेली मुलं.]

कोर्सच्या शेवटी चाचणी, मग प्रमाणपत्र. देशभरात लाखो विद्यार्थी या शिबिरांतून गेले आहेत.

[दृश्य : संकेतस्थळावरची पाठांची यादी. भाषेच्या रकान्यात मराठी निवडलं जातं.]

इंग्रजीत तयार असलेले सगळेच पाठ अजून मराठीत आलेले नाहीत. सॉफ्टवेअरची नवी आवृत्ती आली की जुना पाठही पुन्हा करावा लागतो. त्यासाठी भाषांतर करणारे हवेत, आवाज देणारे हवेत, आणि संहिता हातात घेऊन कॉम्प्युटरपुढे बसायला तयार असलेले नवखेही हवेत.