कॅमेरा खिशात आला, आता कान द्या

(महाविद्यालयीन विद्यार्थ्यांपुढे दिलेल्या व्याख्यानाचा संपादित भाग)

मित्रांनो, आधी एक हिशेब मांडतो. पूर्वी सिनेमा ज्यावर काढत ती 35 एमएमची फिल्म सेकंदाला 24 फ्रेमच्या वेगाने चालते, म्हणजे मिनिटाला 90 फूट. 400 फुटांचा डबा साडेचार मिनिटांत संपतो. मग ती धुवायला मुंबई गाठावी लागायची. दादासाहेब फाळके 1912 साली लंडनहून कॅमेरा घेऊन आले, ते विम्याच्या पॉलिसीवर कर्ज काढून. धुळ्या-जळगावच्या पोराला सिनेमाचं वेड लागलं की घरचे घाबरायचे, आणि त्यांचं चुकत नव्हतं.

तरी शेजारच्या मालेगावात लोकांनी साध्या व्हिडिओ कॅमेऱ्यावर सिनेमे काढलेच. यंत्रमागावर राबणारी माणसं त्यांत नट होती. पुढे 2015 मध्ये अमेरिकेत फोनवर चित्रित केलेला सिनेमा थिएटरात लागला. आज फोन तुमच्या खिशात आहे, आणि एडिटिंगला दाविंची रिझॉल्व्ह या सॉफ्टवेअरची मोफत आवृत्ती पुरते.

मग अडतं कुठे? आवाजात. तुमच्या फिल्म मी पाहतो. चित्र स्वच्छ असतं आणि संवाद मात्र पंख्याच्या घरघरीत बुडालेला. अहिराणीत तर हे फार लागतं. ‘आंडोर’ की ‘आंडेर’, मुलगा की मुलगी, हे एका स्वरावर ठरतं. तो स्वरच ऐकू आला नाही तर काय राहिलं?

माझंच सांगतो. साक्रीकडच्या एका आजींच्या कानबाईच्या, म्हणजे खानदेशातल्या देवीच्या उत्सवाच्या, आठवणी फोनवर घेतल्या. फोन दहा फुटांवर, माइक त्याचाच. घरी येऊन ऐकलं तर आजींपेक्षा विहिरीवरची मोटर मोठी. सगळं वाया गेलं.

आठवड्याने पुन्हा गेलो. मोटर बंद करायला सांगितली, पंखा बंद केला, छोटा कॉलर माइक त्यांच्या पदराच्या काठाला लावला. शटर, म्हणजे एकेक फ्रेम टिपायचा वेळ, 1/50 सेकंदावर ठेवला, कारण आपल्याकडची वीज 50 हर्ट्झची. नाहीतर दिव्याचा प्रकाश चित्रात थरथरतो. आणि रेकॉर्डिंग चालूच ठेवलं. पंधरा मिनिटं आजी नुसत्या औपचारिक बोलल्या, पाहुण्याशी बोलतात तशा. अठराव्या मिनिटाला त्या माझ्याकडे बघायच्या थांबल्या, हात मांडीवर गोल फिरायला लागला, जात्याचा खुंटा धरल्यासारखा, आणि त्या ओवी म्हणायला लागल्या. मी विचारलं नव्हतं. फिल्मवर असतो तर तोवर चार डबे संपले असते आणि मी केव्हाच ‘कट’ म्हटलं असतं.

स्वस्ताईने मला ती अठरा मिनिटं दिली. म्हणून सांगतो, पैसे जमले तर नव्या फोनमागे धावू नका. आधी माइक घ्या, बंद कानाचा हेडफोन घ्या, आणि शूटिंग चालू असतानाच तो कानाला लावा. त्या ओवीत दोन ओळींच्या मध्ये आजी श्वास घेतात, तोही मला ऐकू येतो.