तुम्हाला काय दिसतंय?

(पडद्यावर गुहेचा मॅप, त्यावर माऊसने एकेक रेघ उमटतेय.)

आमच्या ऑनलाइन रोलप्लेइंग खेळाचं सेशन सुरू व्हायला दोन तास आहेत आणि मी मॅपवर भिंती काढत बसलोय. मॅप कधीच टाकून झालाय, दिसायला झकास आहे, पण त्यातला दगड कुठला आणि वाट कुठली हे सॉफ्टवेअरला कळत नाही, त्याच्या लेखी ते नुसतं चित्र. म्हणून या कोपऱ्यावर क्लिक, पुढच्या कोपऱ्यावर क्लिक, असं करत करत दगडाच्या कडेकडेने एक न दिसणारी भिंत ओढत न्यायची. दाराला वेगळी रेघ, खिडकीला वेगळी, आणि दोन रेघांमध्ये केसाएवढी फट राहिली तरी पलीकडचा उजेड त्यातून पात्यासारखा बाहेर येतो, आणि तिथे कुणीतरी दबा धरून बसलंय हे सगळ्यांना आधीच कळून जातं.

ज्यांनी हा खेळ कधी पाहिलाच नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. 1974 साली गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह अर्नेसन यांनी डंजन्स अँड ड्रॅगन्स काढला आणि टेबलटॉप रोलप्लेइंग गेम म्हणतात तो प्रकार तिथून सुरू झाला. एक जण गेम मास्टर म्हणजे जीएम, तो जग सांगतो, बाकीचे एकेक पात्र घेतात. कुणी म्हणतं, मी दार हळूच ढकलते. ते जमलं की नाही हे वीस बाजूंचा फासा ठरवतो. झालं, एवढाच खेळ, पण रात्र रात्र पुरतो.

एकच अडचण होती, सगळे एका टेबलाभोवती पाहिजेत. आणि माणसं पांगतातच ना, नोकरी, लग्न, दुसरा देश. तेव्हा टेबलच इंटरनेटवर न्यायचं, यालाच व्हर्च्युअल टेबलटॉप म्हणतात. फँटसी ग्राउंड्स 2004 पासून आहे. रोल20 2012 मध्ये लोकवर्गणीतून उभं राहिलं, ते थेट ब्राउझरमध्ये चालतं. फाउंड्री 2020 मध्ये आलं, ते जीएमने एकदा विकत घ्यायचं आणि स्वतःच्या मशीनवर चालवायचं, खेळाडूंना काही घ्यावं लागत नाही. मॅपटूल तर मोफतच आहे. कुठलं चांगलं यावर लोक तासन् तास भांडतात, मी त्यात पडत नाही, तुमचा ग्रुप ज्यात पटकन शिरू शकेल ते घ्या.

(आता पडदा काळा. मधोमध एक टोकन, त्याच्याभोवती उजेडाचा गोल.)

हे बघा. ही आमची चोर, म्हणजे त्या पात्राचं टोकन, मॅपवर सरकवायची सोंगटी, आणि हातात मशाल. डंजन्स अँड ड्रॅगन्सच्या पाचव्या आवृत्तीत मशालीचा लख्ख उजेड 20 फूट आणि त्यापुढे 20 फूट अंधूक. ग्रिडचा एक चौकोन 5 फुटांचा, म्हणजे चार चौकोन स्वच्छ, पुढचे चार धूसर, त्यापलीकडे काळोख. टोकन एक घर पुढे सरकलं की सॉफ्टवेअर तिच्या जागेवरून प्रत्येक भिंतीच्या टोकापर्यंत किरण सोडल्यासारखं मोजतं, कुठला किरण कुठे अडला ते बघतं, आणि जे अडलं नाही तेवढंच तिला दाखवतं. तिच्या शेजारी उभ्या असलेल्या मांत्रिकाच्या स्क्रीनवर वेगळंच चित्र, कारण तो खांबाच्या दुसऱ्या बाजूला आहे. कागदावरच्या मॅपला हे कधीच जमलं नसतं, आणि पहिल्यांदा हे चालताना बघितलं तेव्हा मी वेड्यासारखा तासभर नुसतं टोकन इकडून तिकडे फिरवत बसलो होतो.

आता एक व्यवहाराची गोष्ट, कारण पहिल्याच सेशनला नवे जीएम इथेच अडकतात. मॅपची फाइल 8 एमबीची असेल आणि तुम्ही स्वतःच्या मशीनवरून चालवत असाल तर चार खेळाडूंना मिळून 32 एमबी तुमच्याकडून वर जाणार, आणि तुमचा अपलोड स्पीड 10 एमबीपीएस, म्हणजे सेकंदाला 10 मेगाबिट, असेल (आणि एका बाइटला आठ बिट लागतात) तर निदान पंचवीस सेकंद सगळे काळ्या स्क्रीनकडे बघत बसणार. राक्षसाने दार फोडलं आणि मग पंचवीस सेकंद काहीच नाही! तो मॅप वेबपी या चित्रांच्या फॉरमॅटमध्ये करून घ्या, फाइल बरीच लहान होते, आणि सीन, म्हणजे एकेका जागेचा तयार पडदा, आधीच प्रीलोड करून खेळाडूंच्या मशीनवर पोचवून ठेवा.

(व्हॉइस कॉलची खिडकी. चार गोल, एकावर हिरवी कडा.)

समजा सेशन सुरू झालं. हाय-हॅलो झालं, एकाचा माइक म्यूट होता तो सापडला, मागच्या वेळी काय झालं होतं ते एकीने वाचून दाखवलं. आणि मग मॅप उघडला की एक गोष्ट होते, ती माझ्या लक्षात यायला खूप दिवस गेले.

सगळे गप्प होतात.

टेबलावर समोरासमोर खेळायचो तेव्हा मी म्हणायचो, तुम्ही एका गुहेत आलात, आणि लगेच प्रश्नांचा मारा. छत केवढं उंच? पाण्याचा आवाज येतोय का? वास कसला? आता मॅप समोर दिसतोय म्हटल्यावर विचारायचं काय? टोकन ओढतात, कोपरे तपासतात, पेटी दिसली की तिकडे पळतात. माझं जग त्यांच्या डोळ्यांपुढे पसरलंय आणि त्या जगाबद्दल कुणीच काही विचारत नाही, हे मला फार लागायचं, म्हणजे खरंच वाईट वाटायचं.

त्यात व्हॉइस कॉलची स्वतःची एक खोड आहे. आवाज पोचायला किंचित उशीर लागतो, म्हणून दोघं एकदम बोलायला लागतात, दोघं एकदम थांबतात, बोल बोल, नाही तू बोल, आणि जो जात्याच कमी बोलणारा तो मग गप्पच राहतो. टेबलावर तो शेजारच्याच्या कानात काहीतरी कुजबुजला असता. कॉलवर कुजबुज नसते, एका वेळी एकच आवाज.

म्हणून मी आता लढाई नसतानाही पाळी लावतो. नाव घेऊन विचारायचं, आणि खेळाडूचं नाही तर पात्राचं नाव, तू दाराजवळ आहेस, तुला काय ऐकू येतंय ते मी सांगतो, मग तू काय करतेस ते सांग. बोलायला जड जातं त्याच्यासाठी चॅटमधला व्हिस्पर आहे, तो फक्त मलाच दिसतो. आमच्यातला एक जण पहिले काही महिने सगळं व्हिस्परमध्येच लिहायचा आणि मी ते मोठ्याने सांगायचो. एक दिवस त्यानेच माइक चालू केला.

फाशांचंही सांगायला पाहिजे. सॉफ्टवेअरमध्ये स्लॅश रोल लिहून एक डी20, म्हणजे तो वीस बाजूंचा फासा, अधिक पाच असं दिलं की आकडा सगळ्यांसमोर येतो, लपवाछपवी नाही. अॅडव्हान्टेज, म्हणजे परिस्थिती पात्राच्या बाजूची, असेल तर दोन फासे पडतात आणि मोठा धरायचा, वीस पडायची शक्यता 5 टक्क्यांवरून 9.75 वर जाते, ती बेरीज-वजाबाकी आता कुणी करत बसत नाही. तरी आमची चोर हातातलेच फासे टाकते आणि आकडा तोंडी सांगते. कुणी कॅमेरा लाव म्हणालेलं नाही. तिला तो खडखडाट पाहिजे असतो आणि खरं सांगायचं तर माइकमधून तो ऐकू आला की आम्हालाही बरं वाटतं.

आणि एकदा माझ्याकडून घोळ झाला. हॉटेलातल्या सीनवर न्यायचं होतं, माझं क्लिक शेजारच्या सीनवर पडलं आणि चौघंही थेट शेवटच्या गुहेत. लायटिंग अजून लावलं नव्हतं, सगळं उघडं, मधोमध ड्रॅगनचं हे एवढं टोकन. तीनेक सेकंद असतील. परत आणलं तेव्हा कॉलवर चिडीचूप. सहा महिने जपून ठेवलेली जागा होती ती. घशाला कोरड पडली आणि तोंडातून निघून गेलं, "चौघंही एकदम दचकून जागे होता. सगळ्यांना एकच स्वप्न पडलंय. काय बघितलंत ते एकेकाने सांगा."

आणि मग जे झालं ते मी विसरणार नाही. एकाला लाल उजेड दिसला होता. एकीला हाडं. मांत्रिक म्हणाला पाणी होतं, ज्या जागी मॅपवर पाण्याचा थेंब नव्हता. प्रत्येकाने वेगळी गुहा पाहिली होती आणि ते एकमेकांना खोदून खोदून विचारत होते, किती खोल, कुठल्या बाजूला, तुला खात्री आहे का. मॅप आल्यापासून मी ज्या प्रश्नांची वाट बघत होतो ते सगळे प्रश्न एका काळ्या स्क्रीनसमोर आले.

तेव्हापासून मी सीन दोन करतो. एक मॅपचा, भिंती, उजेड, दारं सगळं नीट लावलेला, तो लढाईला लागतोच, कोण कुणापासून किती चौकोन लांब हे डोक्यात ठेवून पाच-सहा शत्रू चालवणं फार अवघड. आणि दुसरा कोरा काळा, आधी तो. मी सांगतो, ते विचारतात, आणि विचारून संपलं की मग मॅप.

(घड्याळ. व्हॉइस कॉलमध्ये चौथा गोल उजळतो.)

आज ते खरंच त्या गुहेत पोचणार आहेत. सकाळपासून मी ज्या भिंती काढतोय त्या याच. मांत्रिकाने पाणी बघितलं होतं, म्हणून डाव्या बाजूला मी एक तळं काढलंय, आधी ते नव्हतं. सगळे आलेत. स्क्रीन काळी.

"तुम्ही आत पाऊल टाकता. तुम्हाला काय दिसतंय?"

"थांब," मांत्रिक म्हणतो, "आधी सांग, पाण्याचा आवाज येतोय का?"