तुम्ही प्रार्थना करता, पण बोलत नाही

(मंडळाच्या वार्षिक मेळाव्यातलं भाषण, संकेतस्थळासाठी थोडं संपादित करून)

सर्वांना ख्रिस्तामध्ये सलाम.

कार्यक्रमपत्रिकेत माझ्या नावापुढे ‘मंडळीतील ज्येष्ठांचे कार्य’ असा विषय छापलाय. त्यावर बोलणारच आहे, पण आज मी ज्येष्ठांची बाजू मांडायला उभी नाही. गेल्या महिन्यात प्रार्थनासभा संपल्यावर आपल्यातल्या एका मुलीला मी गाडीनं घरी सोडत होते. सतरा वर्षांची पोर, ए-लेव्हलचं, म्हणजे शाळेच्या शेवटच्या परीक्षेचं वर्ष. तिला आणि तिच्या आईला विचारूनच हे सांगतेय. त्या दिवशी विनंत्यांच्या यादीत तिचं नाव होतं, परीक्षेसाठी. यादी वाचून झाल्यावर पाच-सहा जणांनी तिचं नाव घेऊन प्रार्थना केली, आणि मनापासून केली. गाडीत बराच वेळ ती गप्प होती. मग म्हणाली, “मावशी, तुम्ही सगळे माझ्यासाठी प्रार्थना करता. पण माझ्याशी बोलत कुणीच नाही.”

मी म्हटलं, असं कसं, सगळे तर तुझी चौकशी करतात. तर म्हणाली, “हो, करतात ना. मार्क किती, युनिव्हर्सिटी कुठली, आणि किती उंच झालीस गं. एवढंच विचारतात.”

यावर मला पुढे काही बोलता आलं नाही. तेव्हापासून मनात हाच विषय घोळतोय.

आपण या देशात, इंग्लंडात, आलो तेव्हा इथे मराठी उपासना नव्हती. कुणाच्या तरी बैठकीच्या खोलीत दहा माणसं, एक पेटी, पानं सुटलेलं ‘उपासना संगीत’ हे गीतांचं पुस्तक, तेवढ्यावर हे मंडळ उभं राहिलं. ते कष्ट तुम्ही सगळ्यांनी केलेत. म्हणूनच विचारावंसं वाटतं, आपल्यात विश्वास आला कुठून? उपदेश ऐकून आला का? मी नगरची. क्लेरा ब्रूस शाळेत शिकले, ह्यूम चर्चमध्ये वाढले. इतक्या वर्षांत ऐकलेल्या उपदेशांपैकी किती लक्षात आहेत, हे तुम्हीच स्वतःला विचारून पाहा. मला आठवते ती आमच्या चर्चमधली एक बायबलबाई, म्हणजे बायकांना भेटून शुभवर्तमान सांगणारी सेविका. आम्ही तिला मावशीच म्हणायचो. रविवारी दुपारी बूथ हॉस्पिटलात बायकांच्या वॉर्डात जाताना ती मला बरोबर न्यायची. तिच्या कापडी पिशवीत शुभवर्तमान असायचं, आणि त्याच्याबरोबर एक फणी आणि खोबरेल तेलाची बाटली. आठ-आठ दिवस केसांना हात न लागलेल्या बायका असायच्या. मावशी खाटेच्या कडेला बसून आधी त्यांचा गुंता सोडवायची, तेल लावायची, वेणी घालायची. तेवढ्यात ती बाई आपणहून बोलायला लागायची. प्रार्थना शेवटी, तीही छोटी, आणि तिला विचारून. माझं काम बाटली धरायचं. परतीच्या वाटेवर मावशी मला विचारायची, “त्या कोपऱ्यातलीला काय झालं असेल, तुला काय वाटतं?” पंधरा-सोळा वर्षांच्या पोरीला कुणी असं विचारत नसे. मी काय उत्तरं दिली ते आठवत नाही, पण तिनं ती चालता-चालता थांबून ऐकली, हे आठवतं. पुढे मी मिरजेला नर्सिंगला गेले त्याचं मूळ तिथं आहे.

आपल्यापैकी प्रत्येकाला अशी एक मावशी, एक मास्तर, एक पाळकसाहेब मिळालेत. वसईकर कॅथोलिक मंडळींना धर्ममाता-धर्मपिता मिळाले, बाप्तिस्म्याच्या वेळी मुलाच्या विश्वासाची जबाबदारी घेणारे. मग आपल्या मुलांना ते का मिळू नयेत? आता बाप्तिस्म्याला किंवा दृढीकरणाला धर्ममाता फोटोपुरती उभी राहते, आणि पुढची सतरा वर्षं व्हॉट्सअॅपवर वाढदिवसाचा केक पाठवते.

पंडिता रमाबाईंचं नाव आपल्या व्यासपीठावरून निघालं नाही असं वर्ष जात नाही. मुक्ती मिशन, दुष्काळातून वाचवलेल्या मुली, बायबलचं मराठी भाषांतर, हे सगळं आपल्या मुलांनाही पाठ आहे, कारण दरवर्षी बायबल क्विझमध्ये येतं. मला आज त्यांची इंग्लंडातली वर्षं सांगायची आहेत. १८८३ साली त्या इथे आल्या तेव्हा पंचविशीच्या होत्या. आईवडील दुष्काळात गेलेले, भाऊ गेलेला, नवरा गेलेला, आणि पदरात दोन वर्षांची मनोरमा. वैद्यकी शिकायची होती, पण ऐकू कमी येत असल्यामुळे ते राहिलं. त्याच वर्षी सप्टेंबरात वाँटेजला मायलेकींचा बाप्तिस्मा झाला. तिथल्या मठातल्या सिस्टर जेराल्डीन यांनी त्यांना आपलं म्हटलं. रमाबाई त्यांना पत्रातून ‘आजीबाई’ म्हणायच्या. इंग्रजी पत्राच्या सुरुवातीला हा आपला मराठी शब्द वाचताना गहिवरून येतं.

पण त्या आजीबाईंना लिहिलेल्या पत्रांत आहे काय? वाद आहेत. पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा मिळून एकच देव, हा त्रैक्याचा सिद्धान्त पटत नाही, म्हणून वाद. क्रूसावर लॅटिन अक्षरं कशाला, संस्कृत का चालत नाहीत? लॅटिन जास्त पवित्र आहे का, की ब्राह्मणांना संस्कृतचं जे वाटतं तेच तुम्हाला लॅटिनचं वाटतं? रमाबाईंनी हे विचारलंय, आपल्या धर्ममातेच्या वयाच्या, उपकारकर्त्या बाईला. शाकाहारावरून बोलणं झालं. पुढे चेल्टनहॅमच्या कॉलेजात असताना रमाबाईंनी पुरुष विद्यार्थ्यांना शिकवावं की नाही, यावर भारतातल्या बिशपांपर्यंत पत्रं गेली. आणि १८८५ च्या मे महिन्यात त्यांनी स्पष्ट लिहिलं की आपल्याकडच्या पुरोहितांचं जोखड मी मोठ्या कष्टानं मानेवरून उतरवलंय, आता तसलंच दुसरं चढवून घेणार नाही; देवानं मला स्वतःची बुद्धी आणि विवेक दिलाय.

आपल्या तरुण संघातल्या एखाद्या मुलीनं आपल्याला असं लिहिलं तर काय होईल, कल्पना करा. दुसऱ्या दिवशी तिच्या आईला फोन जाईल.

सिस्टर जेराल्डीननाही ते जड गेलं. त्यांना ही मुलगी गर्विष्ठ वाटली, तिनं नम्रपणे ऐकावं असं वाटलं. चेल्टनहॅमच्या लेडीज कॉलेजच्या मुख्याध्यापिका डोरोथिया बील यांनी मात्र वेगळी वाट धरली. रमाबाईंच्या शंकांना त्यांनी लांबलांब पत्रांतून एकेक करून उत्तरं दिली, आणि अशा बुद्धीच्या बाईला विचार करायला वेळ द्यावा लागेल असंच त्यांचं म्हणणं होतं. मला विचाराल तर बीलबाईंचं बरोबर होतं. पण जेराल्डीनबाईंना मी कमी लेखणार नाही. वाद कितीही झाले तरी त्यांनी छोट्या मनोरमेला सांभाळलं, पत्रव्यवहार पुढे कित्येक वर्षं चालू ठेवला, आणि स्वतःविरुद्ध लिहिलेली ती पत्रंसुद्धा नीट जपली. महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळानं ती १९७७ साली छापली, म्हणून आज आपल्याला वाचता येतात. ज्यांना वेळ आहे त्यांनी जरूर वाचा. आमच्या मुलांच्या शंकांना कसं तोंड द्यावं हे कळत नाही, असं म्हणणाऱ्या पालकांनी तर आधी वाचा.

रमाबाईंनी आपल्या साक्षीत लिहिलंय की खरा ख्रिस्त आपल्याला भेटला तो बाप्तिस्म्यानंतर आठ वर्षांनी. आठ वर्षं! आपला धीर आठ आठवड्यांत सुटतो. मुलगा दोन रविवार आला नाही की तो ‘गेला’ असं आपण बोलायला लागतो, आणि ते बोलणं त्याच्या कानावर जातं.

पुढे केडगावला, म्हणजे दौंडजवळच्या केडगावला, नगरच्या नव्हे, रमाबाई स्वतः वडीलधाऱ्या झाल्या. तिथे त्यांनी काय केलं? दुष्काळातून आलेल्या मुलींच्या हातात छापखाना दिला. खिळे जुळवायला शिकवलं. त्यांनी केलेलं बायबलचं भाषांतर त्या मुलींच्या हातून छापलं गेलं. मनोरमेनं अंध मुलींची शाळा चालवली. आपण आपल्या मुलांच्या हातात काय देतो? प्रोजेक्टरची वायर आणि चहाचे कप. वाचन द्यायचं म्हटलं की आपण म्हणतो, त्यांचे मराठी उच्चार नीट नाहीत. नसू देत. पेटी कुणाला शिकवली का आपण गेल्या काही वर्षांत? हिशेबाची वही कुणा तरुणाला दाखवली का? कुठल्या खात्यावर काय खर्च होतं हे ज्यांना माहीतच नाही, त्यांना हे मंडळ आपलं का वाटावं?

पवित्र शास्त्रातला म्हातारा याजक एली मला या महिन्यात पुन्हा वाचावासा वाटला. शमुवेलाची गोष्ट आपण शब्बाथशाळेत लहान मुलांना सांगतो, म्हणून ती मुलाचीच गोष्ट वाटते. ती म्हाताऱ्याचीही आहे. एलीची दृष्टी गेलेली, त्याचे स्वतःचे मुलगे बिघडलेले. रात्री त्याच्याजवळ वाढणारं पोरगं, शमुवेल, हाक ऐकून तीनदा उठून त्याच्याकडे येतं. तिसऱ्यांदा एलीच्या लक्षात येतं की याला कोण हाक मारतंय, आणि तो त्याला काय उत्तर द्यायचं ते शिकवून परत पाठवतो. सकाळी मात्र तो मुलाला सांगतो की देव जे बोलला ते माझ्यापासून लपवू नकोस. निरोप एलीच्या घराण्याविरुद्धच होता. शमुवेल घाबरला होता. एलीनं तो पूर्ण ऐकून घेतला आणि मान्य केला. आपल्यात इतकं ऐकून घ्यायची ताकद आहे का? मी हे टोमणा म्हणून विचारत नाही. खरंच विचारते.

कवी रेव्हरंड ना. वा. टिळकांच्या घराबद्दलही एक सांगते, कारण ते माझ्याच गावचं. कोवळ्या वयातले बालकवी ठोंबरे त्यांच्या घरी राहिले. टिळकांनी त्यांच्या कवितेवर मेहनत घेतली, लक्ष्मीबाईंनी पोटच्या पोरासारखं जपलं. बालकवी ख्रिस्ती झाले नाहीत. तरी त्या घरातली त्यांची जागा होती तशीच राहिली.

आता आपल्या व्यवहाराचं बोलू. कार्यकारिणीनं मला एक योजना आखायला सांगितलंय. मी ती साधी ठेवलीय. एका तरुणाला एक वडीलधारं माणूस, नात्यातलं नसलेलं, आणि तरुणानं स्वतः निवडलेलं. महिन्यातून एकदा भेट, चर्चच्या हॉलमध्ये किंवा एखाद्या कॅफेत, चार लोकांच्या देखत. अठराच्या आतल्या मुलांना भेटणाऱ्या वडीलधाऱ्यांची डीबीएस तपासणी, म्हणजे गुन्ह्याची नोंद नाही ना याची सरकारी पडताळणी, लागेल. मागच्या वेळी हे म्हटल्यावर काही ज्येष्ठांना अपमान वाटला, ‘आमच्यावर संशय?’ असं झालं. भावांनो, बहिणींनो, इथल्या प्रत्येक शाळेत आणि चर्चमध्ये हे करतात. मी नर्स म्हणून किती वेळा तो अर्ज भरलाय. मुलांच्या सुरक्षेसाठी एक अर्ज भरायला काय हरकत आहे?

आणि तरुण म्हणजे फक्त इथे जन्मलेले नव्हेत. पुण्याहून, सोलापूरहून मास्टर्सला आलेली मुलं मागच्या बाकावर बसलेली असतात. कर्जाचा हप्ता, केअर होममधली रात्रपाळी, एका खोलीत तिघं. नाताळात ती जेवायला येतात, आपण डबा भरून देतो, आणि त्यावर आपलं समाधान होतं. त्यांच्यातल्या एकानं मला विचारलं होतं, “मावशी, रविवारी ड्यूटी घेतली तर पाप आहे का?” हा प्रश्न तो किती आठवडे मनात घेऊन फिरत होता, कुणास ठाऊक. त्याला विचारायला माणूसच नव्हता.

भेटीत काय बोलायचं, असं काहींनी विचारलं. पहिल्या दोन-तीन भेटींत तरी उपदेश नको, आणि मार्कही नकोत. त्यांचं ऐका. नाही कळलं तर कळलं नाही म्हणा, आणि पुढच्या महिन्यात वाचून या. तरुण तीमथ्याला प्रेषित पौल भेटला, पण त्याआधी आजी लोईस आणि आई युनीके होत्या, हे पौलानं स्वतः नाव घेऊन लिहिलंय. पौलाचा सोबती बर्णबा यानं तरुण मार्काला पुन्हा बरोबर घेतलं, पंफुल्यात प्रवास अर्ध्यावर सोडून गेलेला असूनही, आणि तेही पौलाशी भांडण पत्करून. शेवटच्या दिवसांत पौलच लिहितो, मार्काला घेऊन ये, तो मला उपयोगी आहे. आपल्यात कुणी बर्णबा व्हायला तयार असेल तर चहाच्या वेळी मला भेटा. कागद माझ्याकडे आहे.

एका गोष्टीवर मात्र मला तुमची मदत हवी आहे, कारण ती मला सुटलेली नाही. समजा एखाद्या मुलानं आपल्या मावशीला किंवा काकांना मनातलं सांगितलं, की मला आता देव आहे असं वाटत नाही, घरी सांगायची हिंमत नाही. त्याच्या जिवाला धोका असेल तर नियम स्पष्ट आहेत, तिथे गुप्तता नाही. पण धोका नसेल, नुसती शंकाच असेल, तर त्याच्या आईला सांगायचं की नाही? सांगितलं तर तो पुन्हा कधीच तोंड उघडणार नाही. नाही सांगितलं, आणि सहा महिन्यांनी आईला दुसरीकडून कळलं, तर ती मला काय म्हणेल? आणि आपल्या मंडळात तर गोष्ट दुसरीकडून कळतेच. मी पाळकसाहेबांशी बोलले, कार्यकारिणीशी बोलले, एकमत झालं नाही. आज दुपारी जेवणानंतर यावर बैठक आहे. पालकांनी कृपा करून थांबावं. आणि मुलांनो, तुम्हीही या, कारण तुमच्याशिवाय हे ठरवायचा आम्हाला हक्क नाही.