नाथसागराची जीभ

वरून पाहा. डावीकडे नाथसागराचं, म्हणजे जायकवाडी धरणाच्या जलाशयाचं उघडं पाणी, लाटा मारणारं. उजवीकडे गढूळ, निवांत खाडी. मधून गेलेली ही मातीची निमुळती जीभ. मराठवाड्याला समुद्र नाही, पण भूशिर पाहायचं तर जायकवाडीच्या फुगवट्यावर यावं.

१९७६ साली पैठणला गोदावरी अडली. भिंत जवळपास दहा किलोमीटर, दरवाजे २७. मुलूख सपाट, म्हणून पाणी आडवं पसरलं, साडेतीनशे चौरस किलोमीटरच्या आसपास. ओढ्यानाल्यांत शिरलं, तिथे खाड्या झाल्या. दोन नाल्यांमधला उंचवटा तेवढा बाहेर राहिला. वारा सुटला की उघड्या बाजूची लाट काठ कुरतडते. काळी माती ढेकळाढेकळाने सुटते, खालचा मुरूम उघडा पडतो. बघा, ही कड. पलीकडे मात्र पाणी हलत नाही. पुराचा गाळ तिथेच बसतो आणि त्या गाळात गोगलगायी, अळ्या, पाणवनस्पतींचे कंद. हिमालय ओलांडून आलेले पट्टकादंब आणि चक्रवाक हे पाणपक्षी हिवाळ्यात याच बाजूला का उतरतात, ते इथे कळतं.

धरणाचं पाणी समुद्रसपाटीपासून १५२२ फुटांच्या पूर्ण पातळीला पोचलं की जीभ नावापुरती उरते. पाणी ओसरलं की टोक लांबतं, मागोमाग गाळपेर, म्हणजे उघड्या पडलेल्या गाळावरची शेती, सुरू होते.

एप्रिल. कॅमेरा जमिनीला टेकवलाय. उथळ खळग्यात दोन अंडी, मातकट, तपकिरी ठिपक्यांची. खाली काडी नाही, गवत नाही. हे नदी सुरयाचं घरटं. पक्षी उठला की अंडी कुठली नि खडे कुठले, आम्हालाही कळेना. ऊन चढलं की सुरय पोट पाण्यात भिजवून येतो आणि तसाच ओला अंड्यांवर बसतो.

१९८६ पासून हा जलाशय पक्षी अभयारण्य आहे. तरी नांगर टोकापर्यंत जातो. शेतकरी पोटासाठी जातो, त्याच्याशी आमचं भांडण नाही. मागणं एवढंच, की टोकाकडची शेवटची शंभर पावलं जूनपर्यंत मोकळी ठेवा.

या पाण्यात गावंही गेली. काठावरच्या भिवधानोरा गावची लेकरं हे पाणी ओलांडायला थर्माकोलवर बसून शाळेला जायची. २०२२ साली उच्च न्यायालयाने स्वतःहून दखल घेतली.

हे पावसाळ्यातलं चित्रण. वर नाशिककडे पाऊस झालाय, पाणी चढतंय. खळगा होता ती जागा आता बुडाली. त्याआधी दोन्ही पिलं उडाली होती.