चौघींची वाकळ

[दृश्य : सारवलेलं अंगण. जमिनीवर पसरलेलं हिरवं लुगडं.]

धारूर तालुका, जिल्हा बीड. बालाघाटच्या डोंगरातलं गाव. वैशाख चालू आहे, रानात काम नाही. ऊन अंगणात यायच्या आत चौघीजणी लिंबाखाली येऊन बसल्यात. पुढ्यात पसरलंय ते वाकळीचं, म्हणजे जुन्या कापडांच्या गोधडीचं, खालचं अस्तर. नीट बघितलं तर लुगड्याच्या मधोमध एक आडवी शिवण दिसेल.

नऊवारी लुगडं विरतं ते आधी मध्ये. काठ, पदर धड राहतात. मग विरलेला भाग कापून काढायचा आणि धड तुकडे एकमेकांना जोडायचे. याला दंड घालणं म्हणतात. दंडाचं लुगडं पुन्हा अंगावर चढतं, आणखी झिजतं. नेसण्याजोगं राहिलं नाही, की मग ते या अंगणात येतं.

[दृश्य : गाठोडं सोडताना.]

ही आत घालायची भर. जुनी धोतरं, सदरे, एक झबलं, कुणाची तरी ओढणी. सगळं धुतलेलं आहे. नदीवरचं धुणं आम्ही पोचायच्या आधीच उरकलं होतं. सदऱ्यांची बटणं, कॉलर आणि जाड शिवणी कापून बाजूला ठेवल्यात, कारण तिथं सुई मोडते. कापडं अंथरताना शिवणीवर शिवण येऊ द्यायची नाही. आली, तर तिथं गाठ होते आणि रात्रभर बरगडीत टोचते. जिथं कापड जास्त विरलंय तिथं आणखी एक तुकडा. हे सगळं डोळ्यानं नाही, तळहातानं चाललंय. आजी हात फिरवतात, थांबतात, “हितं पातळ लागायलंय,” म्हणतात आणि गाठोड्यात हात घालतात.

वरून दुसरं लुगडं, कडा आत मुडपून. मोठाले कच्चे टाके मारून सगळे थर एका जागी धरायचे. मग चारी बाजूंना चौघी.

[क्लोजअप : बोटं, सुई, धावदोरा. दहा सेकंद निवेदन नाही.]

धावदोरा. याहून सोपा टाका शिवणकामात नाही. तीन-चारदा सुई खाली-वर, मग दोरा ओढायचा. दोरा दुहेरी. शिवण कडेपासून सुरू होते आणि ओळीला ओळ लावत आत सरकते. ओळींमधलं अंतर बोटभर, कधी त्याहून कमी. जुन्या कापडाला स्वतःचं बळ उरलेलं नसतं. ओळी जवळ असल्या की ओढ एका जागी न पडता सगळीकडं वाटली जाते, आणि एक दोरा तुटला तरी शेजारची ओळ कापड धरून ठेवते.

आजींचा टाका तांदळाएवढा आहे. समोर बसलेल्या सुनेचा बराच लांब.

“टाका लांब घालायलीस गं. जोडवं अडकंल त्यात.”

“तुमच्यावानी घालत बसले तर दिवाळी हितंच हुईल, आत्याबाई.”

[चौघींचं हसणं. मूळ आवाज ठेवावा.]

दोन ओळी मात्र सूनबाईंनी उसवल्या. कॅमेरा होता म्हणून असेल कदाचित. पण टाका असाच शिकला जातो, शेजारणीच्या टाक्याकडं बघून. एकटीनं घरात बसून वाकळ शिवता येते, शिवतातही. पण मग लांब टाक्याला कुणी बोलत नाही.

ही सावड आहे. मजुरी नाही. आज हिच्या घरची, उद्या तिच्या. जिची वाकळ तिच्याकडं चहा, दुपारची भाकरी. यातल्या दोघी दसऱ्यानंतर कोयता घेऊन साखर कारखान्यावर ऊसतोडीला जातात. नवरा-बायको मिळून एक कोयता. उसाच्या फडाजवळ कोपी, म्हणजे तात्पुरती झोपडी, कोपीत पोरं, आणि ऐन थंडीत पहाटेच्या आधीच तोडीला जावं लागतं. सामानात भांडी मोजकी असतात. वाकळा मात्र घेतल्याच जातात.

[दृश्य : ओसरी. मुलगी शाळेची पँट घेऊन बसलेली.]

अंगणातल्या गाठोड्यातलं एक चिंधूक ओसरीवर आलंय. भावाच्या पँटीचा गुडघा फाटलाय. ठिगळ ती आतून लावते, फाटक्या कडा आत वळवून तुरपते. भोकाच्या बाजूला कापड झिरझिरीत झालंय, म्हणून ठिगळ भोकापेक्षा चांगलं चार बोटं मोठं. लहान ठिगळ झिजल्या कापडाला धरलं, तर पुढच्या धुण्याला त्याच्या कडेनंच फाटतं. पँटीच्या खालच्या दुमडीतून दोन-तीन धागे तिनं उपसून ठेवलेत. त्याच रंगाचे, तेच सूत. वरच्या लहान भोकाला त्यांनीच रफू: आधी उभे धागे भरायचे, मग आडवे, एक वरून, एक खालून. सुईनं कापड विणणंच ते. वेळापत्रकात शिवणकामाचा तास असता तर हे तिला शाळेनं शिकवलं असतं. तूर्त अंगणातल्या चौघी शिकवतात.

शहरातल्या दुकानांत हातशिलाईच्या गोधड्या आता चांगल्या भावानं विकल्या जातात. शिवणारीच्या हाती त्यातलं फार थोडं पडतं.

[दृश्य : संध्याकाळ. वाकळीचा मधला चौकोन अजून रिकामा.]

दिवस मावळला तरी मधला भाग राहिलाय. तो उद्या सकाळी होईल. त्यानंतर सावड पलीकडच्या घरी, आणि तिथलं गाठोडं बघून आजच बोलाचाली सुरू झालीये. त्या घरात सुती लुगडं एकच निघालं, बाकी सगळ्या सिंथेटिक साड्या. त्या निसटतात, टाका धरत नाहीत, घाम पीत नाहीत. आजी म्हणतात, आत घालूच नका. सूनबाई म्हणतात, मग भर आणायची कुठून?