वादळाचे आयुष्य कोण ठरवते?

श्रोतेहो, नमस्कार. उन्हाळी दुपारी उठलेले एखादे गडगडाटी वादळ तासाभरात विरते, तर दुसरे रात्रभर शेकडो किलोमीटर चालत राहते. हे ठरवते ती भोवतालची हवा. ढगाच्या अंतरंगाचा उलगडा ज्या मोहिमेने केला, तिची हकीकत मला फार प्रिय आहे.

दुसरे महायुद्ध नुकतेच संपले होते आणि वादळी ढगांत सापडून विमाने कोसळत होती. तेव्हा शिकागो विद्यापीठाचे हॉरेस बायर्स यांच्या नेतृत्वाखाली १९४६ मध्ये फ्लोरिडात आणि १९४७ मध्ये ओहायोत मोहीम निघाली. युद्धातली दणकट पी-६१ विमाने ५,००० ते २५,००० फुटांपर्यंतच्या पाच उंचींवरून मुद्दाम वादळात शिरत. वैमानिकांना आज्ञा होती की, प्रवाहाने वर फेकले किंवा खाली ओढले तरी उंची सावरू नये; कारण विमान किती चढले आणि किती उतरले, यावरूनच प्रवाहाचा वेग काढायचा होता. गारा आणि विजा सोसत, विमान हेलकावे खात असताना उंची सावरण्याचा मोह आवरणाऱ्या त्या वैमानिकांपुढे मी नतमस्तक होतो. अशा हजाराहून अधिक फेऱ्यांतून कळले की, ढगात आधी दमट हवा फक्त वर चढते, मग पाऊस थंड हवेला खाली ओढतो आणि अखेर ती थंड हवाच वर येणाऱ्या उबदार हवेची वाट बंद करते.

मग काही वादळे टिकतात कशी? उंचीनुसार वाऱ्याची दिशा आणि वेग बदलत असेल, तर पाऊस चढत्या प्रवाहापासून दूर पडतो आणि तो प्रवाह जिवंत राहतो. पुन्हा सांगतो, ऊब आणि बाष्प वादळाला जन्म देतात. त्याला शिस्त लावतो तो उंचीनुसार बदलणारा वारा. हवामानाच्या बातम्यांत तापमानाचा आकडा रोज सांगतात, वरच्या वाऱ्यांचा उल्लेखही नसतो, ही उणीव मला खरोखर खटकते.

मधल्या थरातील हवा कोरडी असेल, तर पावसाचे थेंब वाटेतच वाफ होऊन हवेला अधिक थंड करतात. ती जड हवा जमिनीवर आदळून पसरते आणि पुढची उबदार हवा उचलून नवे ढग उभे करते. वाऱ्यातील बदल पुरेसा असेल, तर या ढगांची रांगच पुढे सरकते; तो कमी पडला, तर थंड हवा ढगांच्या फार पुढे धावते आणि वादळ मागे उपाशी राहते. रात्री जमीन निवल्यावरही काही मैदानी प्रदेशांत जमिनीलगतच्या थरावरून वेगवान दमट वारा वाहतो, आणि त्यावर ही रांग पहाटेपर्यंत तग धरते.