बुधवारची संध्याकाळ

श्रोतेहो, नमस्कार.

मी सॉफ्टवेअर इंजिनिअर आहे. नोकरीला लागून मला चौथं वर्ष चालू आहे. काम, मैत्री आणि छंद यांचा मेळ कसा घालायचा यावर बोलाल का, असं मला विचारलं तेव्हा मी लगेच हो म्हटलं. कारण वर्षभरापूर्वी हा मेळ माझ्याकडून पार बिघडला होता, आणि तो का बिघडला हे मला पुढे माझ्याच कामातल्या एका गणिताने उलगडून दाखवलं.

आधी कामाचं सांगते. आमच्या टीममध्ये सहा जण आहेत, त्यामुळे दर सहाव्या आठवड्याला ऑन-कॉलची पाळी माझ्यावर येते. त्या सात दिवसांत आमची सेवा कुठेही अडखळली तर पहिला फोन माझा वाजणार, मग दुपार असो की मध्यरात्र. एकदा रात्री दोन चाळीसला असाच फोन वाजला. डोळे चोळत लॅपटॉप उघडला, बघते तर सर्व्हरची डिस्कच भरलेली. कुठलं तरी सेटिंग करायचं राहून गेलं होतं आणि लॉग, म्हणजे सर्व्हरच्या कामाच्या नोंदी, नुसते साचत गेले होते. जुने लॉग काढून टाकले, सेवा पुन्हा चालू केली, पंधरा मिनिटं आलेखावर नजर ठेवली आणि दिवा मालवला. झोप मात्र उजाडेपर्यंत लागली नाही.

पण मला छळलं ते ऑन-कॉलने नव्हे. त्या आठवड्याला हद्द असते. सोमवारी सकाळी पाळी पुढच्याच्या हातात दिली की सुटका. अवघड जात होते ते मधले पाच आठवडे, कारण त्यांना काठच नव्हता. एक बग, म्हणजे कोडमधली चूक, मिटवावा तर दोन नवे उघडतात. कुणाचा तरी कोड रिव्ह्यूसाठी, म्हणजे तपासायला, येऊन पडलेला असतो. 'एवढं एक बघते आणि उठते' म्हणता म्हणता बाहेर अंधार पडतो. हे काम आवडतं, म्हणून तर ते सुटत नाही. कोडं सुटायच्या बेतात असताना खुर्चीतून उठणं किती जिवावर येतं, हे इंजिनिअर नसलेल्यांनाही ठाऊक असेल.

रॉबर्ट ओवेन नावाच्या गिरणी चालवणाऱ्या सुधारकाने १८१७ च्या सुमारास आठ तास काम, आठ तास करमणूक, आठ तास विश्रांती अशी दिवसाची वाटणी मांडली. पुढे १९१९ साली आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेने आपल्या पहिल्याच करारात उद्योगांसाठी दिवसाला आठ आणि आठवड्याला ४८ तासांची मर्यादा ठरवली. त्या काळी कामाला एक जागा होती आणि ते संपल्याचा भोंगा होता. माझं काम माझ्याबरोबर पिशवीतून घरी येतं. फ्रान्समध्ये १ जानेवारी २०१७ पासून कामाच्या वेळेबाहेर संपर्काबाहेर राहण्याचा हक्क कायद्यात आला. असा हक्क कायद्यात लिहून ठेवावा लागला, यावरूनच लक्षात यावं की भोंग्याची जागा दुसऱ्या कशानेच घेतली नव्हती.

आता माझ्या मैत्रिणीची गोष्ट. कॉलेजची चार वर्षं आम्ही एका बाकावर काढली. गेल्या वर्षी तिने तीनदा निरोप पाठवला, 'जरा बोलायचंय गं, कधी वेळ आहे?' तिन्ही वेळा माझं उत्तर एकच, 'या आठवड्यात गडबड आहे, पुढच्या आठवड्यात नक्की.' ते मी अगदी मनापासून लिहीत होते. पुढचा आठवडा खरंच मोकळा असेल असं मला वाटत होतं. असे चार महिने गेले. मग एका तिसऱ्याच मित्राकडून कळलं की तिने नोकरी सोडली, शहरही सोडलं, आणि त्यालाही दोन महिने होऊन गेले. मी घाबऱ्याघुबऱ्या फोन केला. ती रागावली नाही. म्हणाली, 'तू कामात असणार असं मी धरूनच चालले होते.' ती रागावली असती तर मला सोपं गेलं असतं. आपल्या माणसाने आपल्याला हिशेबातून काढून टाकलंय आणि तेही इतक्या समजूतदारपणे, हे ऐकताना मला भडभडून आलं.

त्याच सुमारास ऑफिसात आम्ही सर्व्हरवरचा भार मोजत होतो. त्यासाठी रांगेचं गणित वापरतात. त्याचं मूळ १९०९ सालचं. अगनर एर्लांग या डॅनिश गणितज्ञाने टेलिफोन एक्स्चेंजवर येणाऱ्या कॉलचा अभ्यास करून ते मांडायला सुरुवात केली. समजा एकच खिडकी आहे. माणसं कधीही येतात, प्रत्येकाच्या कामाला कमीजास्त पण सरासरी दहा मिनिटं लागतात. खिडकीवरचा माणूस निम्मा वेळ कामात असेल तर रांगेत सरासरी दहा मिनिटं थांबावं लागतं. तो ८० टक्के वेळ कामात असेल तर ४० मिनिटं. ९० टक्के असेल तर दीड तास. आणि ९५ टक्के असेल तर तीन तासांच्याही वर. काम वाढलं थोडंसंच, पण रांग कुठल्या कुठे गेली. पूर्ण १०० टक्क्यांना पोचलात तर रांग संपतच नाही, वाढतच जाते. म्हणून जाणता इंजिनिअर कुठलाही सर्व्हर काठोकाठ भरू देत नाही, त्यात जागा राखून ठेवतो.

हे आकडे फळ्यावर लिहिताना माझा हात थांबला. मी माझा आठवडा काठोकाठ भरून ठेवला होता, आणि वर 'पुढच्या आठवड्यात नक्की' असं लोकांना सांगत होते. रांग वाढली की त्रास कुणाला होतो? कामांना नाही. कामाला अलर्ट असतो, तारीख असते, ते पुढे घुसतं. मैत्रिणीच्या निरोपाला अलर्ट नसतो. मागच्या खोलीत कापडात गुंडाळून ठेवलेली माझ्या छंदाची काचेची चकती तर कधीच फोन करत नाही. रांगेत थांबतात ती नेमकी हीच.

आणखी एक. आमच्या सेवेचं उद्दिष्ट आहे ९९.९ टक्के वेळ चालू राहण्याचं. याचा दुसरा अर्थ असा की ३० दिवसांच्या महिन्यात तिला सुमारे ४३ मिनिटं बंद पडायची मुभा आहे. ती मुभा आम्ही आधीच मोजून, लिहून ठेवलेली असते. यंत्राला जी सवलत देतो ती स्वतःला द्यायचं माझ्या कधी मनातच आलं नव्हतं.

मग मी एकच गोष्ट केली. बुधवारची संध्याकाळ राखली. कॅलेंडरवर सहा वाजल्यापासून पुढचा रकाना भरून टाकला आणि टीमला तसं सांगितलं. आमच्या लीडने, म्हणजे टीमच्या प्रमुखाने, विचारलं, 'आणि काही तातडीचं निघालं तर?' मी म्हटलं, 'ऑन-कॉलवर कुणीतरी असतंच ना, माझी पाळी असेल तेव्हा मी असेन.' त्याने मान डोलावली. इतकंच. वर्षभर जे मागायला मी कचरत होते, ते अर्ध्या मिनिटात मिळालं. सगळ्यांनाच ते इतक्या सहज मिळतं असं मी म्हणणार नाही. पण न मागताच उत्तर 'नाही' असं धरून चालू नका, हे तुम्हाला कळकळीने सांगावंसं वाटतं.

एक छोटी सवयही लागली. लॅपटॉप मिटण्याआधी वहीत दोन ओळी लिहायच्या: कुठवर आले, उद्या पहिलं काय करायचं. अर्धवट काम डोक्यात घोळत राहतं ते बहुधा विसरण्याच्या भीतीने. कागदावर उतरवलं की माझं तरी डोकं ते सोडून देतं.

आता ती चकती. दुर्बिणीचा आरसा घरी घासून बनवण्याचा मला छंद आहे. चांगली दीडशे मिलिमीटर व्यासाची जाड काच घ्यायची, तिच्याखाली तेवढीच दुसरी चकती, मध्ये पाणी आणि कार्बोरंडम या काच घासणाऱ्या कठीण पदार्थाची भरड पूड. वरची काच पुढेमागे सरकवत राहायची आणि दर काही फेऱ्यांनी थोडी वळवायची. हळूहळू वरची काच मध्यभागी खोलगट होत जाते आणि खालची फुगीर. नाभीअंतर, म्हणजे आरसा दूरचा उजेड जिथे एकवटतो तिथवरचं अंतर, १२०० मिलिमीटर हवं असेल तर ही खोली मध्यभागी जेमतेम सव्वा मिलिमीटर असते. मग पूड बारीक, आणखी बारीक करत जायचं. दर टप्प्याला टेबल, हात, नखं, बाह्या सगळं धुऊन काढायचं, कारण मागच्या पुडीचा एक कण राहिला तरी चरा पडतो. शेवटी राळेच्या थरावर सेरियम ऑक्साइडने चकाकी आणायची. पृष्ठभागाची चूक केसाच्या जाडीच्या हजाराव्या भागाहून जास्त चालत नाही. आणि हे सगळं हातांनी, वीकएंडला दोन तास चोरून नव्हे, तर आठवड्यामागून आठवडे बसून.

विल्यम हर्शेल हा या वेड्यांचा मूळपुरुष. पेशाने संगीतकार, इंग्लंडमधल्या बाथ इथे ऑर्गन वाजवायचा, शिकवण्या घ्यायचा आणि उरलेल्या वेळात धातूचे आरसे घासायचा. स्वतः बनवलेल्या दुर्बिणीतून त्याने १३ मार्च १७८१ रोजी युरेनस शोधला. एकदा तो सलग सोळा तास आरशाला चकाकी देत होता, हात काढता येईना, तेव्हा त्याची बहीण कॅरोलाइन त्याला घास भरवत होती, असं तिनेच लिहून ठेवलंय. हा किस्सा लोक त्याच्या चिकाटीसाठी सांगतात. मला त्यात कॅरोलाइन दिसते. ती गायिका होती, भावाच्या कार्यक्रमांत गायची, आणि त्याच्या छंदापायी तिचं गाणं मागे पडलं. पुढे १७८६ पासून तिने स्वतः आठ धूमकेतू शोधले, ही गोष्ट वाचली तेव्हा कुठे मला बरं वाटलं. छंदासाठी सोळा तास काढायचे तर ते कुणाच्या वाट्याचे, हे एकदा विचारून बघायला हवं.

म्हणून मी बुधवारी एकटी घासत नाही. मैत्रिणीला पुन्हा फोन केला आणि या वेळी 'कधीतरी' न म्हणता दिवस सांगितला. गाडीने दोन तासांच्या अंतरावर राहते ती आता. महिन्यातून एका बुधवारी येते आणि मुक्काम करते, इतर बुधवारी आम्ही फोन स्पीकरवर ठेवून बोलतो आणि माझे हात काचेवर चालू असतात. हातांना काम असलं की बोलणं सावकाश चालतं. मध्ये शांतता पडली तरी अवघडल्यासारखं होत नाही.

गेल्या महिन्यात ती आली तेव्हा आरसा तपासायचा होता. लिऑन फूको या फ्रेंच भौतिकशास्त्रज्ञाने १८५८ साली काढलेली युक्ती अजून तीच चालते: अंधाऱ्या खोलीत एक बारीक दिवा, आरशावरून परतणारा उजेड दाढीच्या पात्याने कापायचा आणि पात्यामागे डोळा लावायचा. काचेवरचे उंचसखल भाग सावल्यांमधून दिसू लागतात, चंद्रावरचे डोंगर दिसावेत तसे. मी तिला म्हटलं, 'आता मी काचेवर बोट टेकवते, तू बघत राहा.' अर्धा मिनिट बोट टेकवलं आणि उचललं. अंधारातून तिचा आवाज आला, 'अगं, इथे टेकडी उगवली!' माझ्या बोटाच्या उबेने काच तेवढ्याच जागी फुगली होती.

ती टेकडी विरायला दहा-पंधरा मिनिटं लागतात. काच पुरती निवेपर्यंत पुढचं मोजमाप घेता येत नाही, आणि घाई करायला काही उपायही नाही. आम्ही दिवा तसाच जळता ठेवला, भिंतीला टेकून जमिनीवर बसलो, आणि नोकरी सोडली त्या दिवशी नेमकं काय झालं होतं, ते ती मला पहिल्यापासून सांगू लागली.